कचेरीची वाट : पेण आणि रोहा

राजे कोणत्या घाटानें उतरले, फौजेचा तळ कोणत्या माळावर पडला, तोफा कोणत्या खिंडींतून ओढून नेल्या, याचा शोध लावण्यांत आमच्या इतिहाससंशोधकांनीं आपल्या हयाती वेंचल्या. आणि त्यांच्या श्रमांचें मोल कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु ज्यांच्या हातून राज्य रोजच्या रोज चालतें ते मामलेदार, अव्वल कारकून, तलाठी, शाळामास्तर व दवाखान्यांतील परिचारिका आपापल्या कामावर कोणत्या वाटेनें आणि कशांत बसून जात, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. विषय क्षुल्लक वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. आज अनेक देशांतील सरकारें आपल्याच नोकरांना विनवीत आहेत कीं, बाबांनो, एकेकटे मोटार घेऊन कचेरीस येऊं नका. बसनें या, रेल्वेनें या, सायकलीवर किंवा पायीं या, आणि मोटारच आणावयाची तर चौघे मिळून एक आणा. हा उपदेश नव्या युगाचा समजला जातो. पेण-रोह्याकडे पाहिलें म्हणजे मात्र दिसतें कीं, दहांजणांबरोबर प्रवास करणें ही तेथील जुनी रीत होय, आणि एकट्याची मोटार हीच तेथें काल-परवां आलेली पाहुणी आहे. ती कशी आली, हें समजल्यावांचून तिला निरोप कसा द्यावा हें समजणार नाहीं.

हे दोन्ही तालुके आजच्या रायगड जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत त्यांत, मोडतात. जिल्ह्याचें ठाणें अलिबाग. नकाशा पुढें ठेवला तर एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते : येथें समुद्रानें जमिनींत आपलीं बोटें खुपसलेलीं आहेत. अंबा नदी धरमतरच्या खाडीनें समुद्रास मिळते. पेणचें पाणी त्याच खाडीकडे उतरतें. रोह्यापाशीं कुंडलिका वाहते आणि तिची खाडी रेवदंड्याशीं सागराला भेटते. रोह्यासमोर पलीकडच्या तीरावर अष्टमी आहे, आणि तेथील नगरपालिकेनें आपल्या नांवांत रोहा व अष्टमी हे दोन्ही कांठ एकत्र बांधले आहेत. अशा मुलुखांत पक्की सडक होण्यापूर्वीं खरा राजमार्ग पाण्याचा. मचवा भरतीबरोबर आंत येई, ओहोटीबरोबर बाहेर जाई. भरतीला हुद्दा समजत नाहीं. पाणी चढेपर्यंत मिठाचा व्यापारी, भाताचीं पोतीं घेऊन निघालेला कुळंबी, माहेरवाशीण आणि सरकारी दप्तर काखोटीला मारलेला कारकून यांना धक्क्यावर एकत्रच ताटकळावें लागे. पुढें आगबोटी आल्या व मुंबईहून धरमतरला नियमित फेरी सुरू झाली. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेलें कुलाबा जिल्ह्याचें सरकारी गॅझेटियर चाळलें तर बंदरें, तरी आणि सडका यांच्या हकीकतींत या जिल्ह्याचें दळणवळण किती पाण्यावर अवलंबून होतें तें कळून येतें.

जमिनीवरील प्रवासाची गोष्ट निराळी होती. तेथें हुद्दा पावलोपावलीं दिसे. वरिष्ठ अंमलदार पालखींत किंवा घोड्यावर, मधल्या पायरीवरचे तट्टावर अथवा बैलगाडींत, आणि पट्टेवाला पायीं. साहेबांची फिरती निघाली कीं डेरेदांडे, दप्तरें, स्वयंपाकाचीं भांडीं यांचें ओझें पुढल्या गांवापर्यंत पोहोंचविण्यास त्या त्या गांवचे लोक वेठीस धरले जात. ज्याला आज आपण एकट्याचा प्रवास म्हणतों तो त्या काळींही कधीं एकट्याचा नव्हता; बसणारा एक असे व त्याचा भार वाहणारे पुष्कळ असत, एवढेंच. सरकारानें घोडा बाळगण्याबद्दल भत्ता द्यावा, आणि कोणाला तो मिळावा व कोणाला नाहीं हें पायरीप्रमाणें ठरवावें, ही पद्धतिही याच काळाची. वाहन हें कामाचें साधन न राहतां मानाचें चिन्ह कसें झालें, याचें मूळ आम्हांला या भत्त्याच्या कोष्टकांत दिसतें. घोडा गेला, कोष्टक मात्र राहिलें.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मोटारी आल्या. धरमतरला आगबोटींतून उतरावें आणि खाजगी मालकाच्या मोटारींत बसून नागोठणें, माणगांव, महाड अशी दक्षिणेकडची वाट धरावी, हा क्रम पडून गेला. ही सामायिक वाहनेंच होतीं. पण सामायिक म्हणजे सर्वांचीं नव्हेत. १९२७ च्या डिसेंबरांत महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठीं डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून निघाले, तेव्हां धरमतरची नेहमींची जवळची वाट सोडून ते 'पद्मावती' आगबोटीनें दूरच्या दासगांव बंदरीं उतरले. कारण उघड होतें. मोटारवाल्यांनीं बहिष्कार घातलाच, तर दासगांवाहून महाड पांचच मैल. तेवढें अंतर पायीं चालून जातां येण्याजोगें होतें. प्रवासाच्या इतिहासांत ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. शेजारीं कोण बसणार हें जोंवर गाडीचा मालक ठरवितो, तोंवर 'सर्वांनीं मिळून प्रवास करा' हा उपदेश पोकळ आहे. आज जे कोणी सामायिक प्रवासाचे गोडवे गातात, त्यांनीं ही पांच मैलांची तजवीज विसरूं नये.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर धुरकट खोकत चालल्या, आणि श्रीमंतांनाही गाडी घरीं ठेवणें भाग पडलें. त्याच सुमारास, १९४३ सालीं, अमेरिकेच्या सरकारानें एक भित्तिपत्रक काढलें होतें. त्यांत मोटारींत एकटाच बसलेला एक गृहस्थ दाखविला होता व त्याच्या शेजारीं हिटलरची पुसट आकृति काढली होती. एकटा जाशील तर शत्रूला बरोबर घेऊन जाशील, हा त्याचा भाव. युद्ध संपलें तसें तें पत्रकही अडगळींत गेलें. केवळ धाक घालून लावलेली संवय धाकाबरोबर जाते, याचें हें एक उदाहरण.

कुलाब्याच्या लोकांना मात्र सामायिक प्रवासाची भीति एका निराळ्याच कारणानें बसली. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' ही बोट पावसाळी वादळांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दीपअमावास्येच्या सुमारास घरीं निघालेली ती माणसें होतीं. त्यानंतर साडेदहा महिन्यांनीं, १ जून १९४८ रोजीं, मुंबई राज्याच्या सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान धांवली. या दोन घटनांचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. पण प्रवाशांचा जीव व वेळ ही खाजगी मालकाच्या मर्जीवर सोडण्याची गोष्ट नव्हे, हा विचार त्या काळांत सरकारच्या गळीं उतरत होता, एवढें निश्चित. एस. टी.च्या तिकिटावर जात लिहिलेली नसते. वाहकानें घंटी ओढली कीं मामलेदाराच्या कारकुनाशेजारीं आदिवासी बाई आपली पाटी घेऊन बसते, आणि कोणी तिला ऊठ म्हणूं शकत नाहीं. एवढ्या एका गोष्टीकरितां त्या लाल गाडीचे सगळे खडखडाट आम्ही माफ करूं.

१९६२ च्या मे महिन्यांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वांत आल्या, आणि सरकारी नोकर या शब्दाचा अर्थच पालटला. पूर्वीं तालुक्याच्या गांवीं मामलेदार कचेरी, कोर्ट, पोलीस ठाणें व पोस्ट एवढाच बारदाना असे. आतां ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, प्राथमिक शिक्षक, आरोग्यसेविका असा मोठा परिवार गांवोगांव पसरला. या परिवारानें नेमणुकीच्या गांवींच, म्हणजे सरकारी भाषेंत मुख्यालयीं, राहावें हा नियम. नियम शहाणपणाचा होता : नोकर गांवांत राहिला तर त्याला गाडी लागत नाहीं व गांवाला तो रात्रीं-बेरात्रीं सांपडतो. परंतु गांवांत राहण्याजोगें घर नाहीं, मुलांना वरच्या इयत्तांची शाळा नाहीं, नवरा-बायकोच्या नेमणुका दोन टोकांना. तेव्हां घरभाडें भत्ता मुख्यालयाच्या नांवानें आणि बिऱ्हाड तालुक्याच्या गांवीं, अशी तोडजोड सुरू झाली. तिला लोकांनीं 'अपडाऊन' असें नांव दिलें. या अपडाऊनवरून जिल्हा परिषदांच्या सभांत जेवढे वाद झाले तेवढे पाणीपुरवठ्यावरून तरी झाले असतील कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. दोष सर्वस्वीं नोकरांचा नाहीं. पण वाहनाचा प्रश्न येथूनच निघतो हें मान्य केलें पाहिजे. माणूस कामापासून दूर राहूं लागला कीं त्याला चाकें लागतात.

पहिलीं वीस-पंचवीस वर्षें हीं चाकें एस. टी.चींच होतीं. नंतर रेल्वे आली. आपटा ते रोहा हा लोहमार्ग १९८६ सालीं खुला झाला, आणि कांहीं वर्षें रोहा हें या बाजूचें शेवटचें स्टेशन होतें. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते, अ. ब. वालावलकर यांच्यासारख्यांनीं ज्या स्वप्नाचा पाठपुरावा केला तें साकार झालें, याचा आनंद सर्व कोंकणाबरोबर आम्हांसही आहे. पण रोह्याचा कारकून पेणेस दहाच्या आंत पोहोंचावा, म्हणून कांहीं ती रेल्वे बांधलेली नव्हती. लांबच्या गाड्यांचें वेळापत्रक लांबच्या सोयीनें बनतें. मधल्या स्टेशनांच्या पदरीं त्यांतून उरेल तें येतें. शिवाय जिल्ह्याचें ठाणें जें अलिबाग, तेथें प्रवासी रेल्वे नाहींच. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे रूळ गेले आहेत, पण ते मालगाडीसाठीं. रोहाही मुंबई-गोवा महामार्गापासून बाजूला पडतो. कोलाड किंवा नागोठण्यावरून आंत वळावें लागतें. म्हणजे रोह्याहून जिल्हा परिषदेच्या बैठकीस निघालेल्या माणसाला रेल्वे उपयोगाची नाहीं, आणि एस. टी. चुकली तर दिवस बुडाला.

ही जी फट पडली तिच्यांत प्रथम शिरली ती सहा आसनी विक्रम व मिनीडोर रिक्षा. तिला नांवें ठेवणारे सुशिक्षित पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांत नाहीं. दाटीवाटीनें कां होईना, पण वेळेला धांवून येणारें तें सामायिक वाहन आहे. त्यानंतर मोटारसायकल आली, आणि शेवटीं मोटार. ती येण्यास सरकारानें स्वतःच हातभार लावला, ही गोष्ट फारशी बोलली जात नाहीं. सरकारी वित्तीय नियमांत नोकरांना वाहन खरेदीसाठीं अग्रिम देण्याची सोय आहे. पूर्वीं ती सायकलीपासून मोटारीपर्यंत पायरीपायरीनें लावलेली असे. वाहतूक भत्ता दरमहा पगारांत मिळतो व तो वेतनाच्या पायरीप्रमाणें वाढतो. माणूस बसनें येतो कीं एकटा मोटारींतून, याची कोणी चौकशी करीत नाहीं. घोड्याच्या भत्त्याचें तें जुनें कोष्टक आम्ही वर सांगितलें, त्याचाच हा वंशज. अशा स्थितींत तहसीलदारानें मोटार न आणतां एस. टी.नें यावें असें कोणी सुचविलें, तर त्याला तें काटकसरीचें वाटत नाहीं, पायउतार झाल्यासारखें वाटतें.

त्यांतच महामार्गाच्या रुंदीकरणाचें काम २०११ सालीं सुरू होऊन एक तपाहून अधिक काळ रेंगाळलें. वडखळच्या नाक्यावर खोळंबा झाला कीं बस व मोटार दोन्ही सारख्याच अडकतात. पण मोटारींत निदान वारा आपल्या इच्छेचा असतो. पुढें २०२१ च्या उत्तरार्धांत एस. टी. कामगारांचा संप झाला व तो २०२२ च्या एप्रिलापर्यंत लांबला. कामगारांच्या गाऱ्हाण्यांचा न्याय येथें करण्याचें कारण नाहीं. परंतु पांच महिने जी गाडी आली नाहीं तिची वाट सहाव्या महिन्यांत कोण पाहील? ज्याला हप्त्यावर दुचाकी घेतां येणें शक्य होतें त्यानें ती घ्यावी, यांत नवल तें काय?

आतां थोडें गणित. पेण ते अलिबाग हें अंतर सुमारें तीस किलोमीटर. एका लिटरास पंधरा किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन रोजचे चार लिटर, आणि महिन्याचे बावीस दिवस धरले तर अठ्ठ्याऐंशी लिटर पेट्रोल एकट्या माणसाला कचेरींत नेण्या-आणण्यांत जळतें. चौघे एकत्र बसले तर माणशीं बावीस. हें गणित तिसरी-चौथींतलें पोरही करील. मग मोठीं माणसें तें कां करीत नाहींत?

याचें उत्तर कांहीं अंशीं अमेरिकेनें शोधलें आहे. लॉस एंजेलिसच्या परिसरांत हवा इतकी बिघडली कीं १९८८ सालीं तेथील वायुनियंत्रण मंडळानें शंभर व अधिक नोकर असणाऱ्या प्रत्येक कामाच्या जागेवर बंधन घातलें : तुमच्याकडे सकाळीं येणाऱ्या गाड्यांमागें माणसांची सरासरी वाढवा. पुष्कळ कागद रंगले, पुष्कळ कुरकुर झाली, आणि १९९५ सालीं ती सक्ती सैल करावी लागली. वॉशिंग्टन राज्यानें १९९१ सालीं असाच कायदा केला. त्यांत सरकारनें आपल्या स्वतःच्या कचेऱ्यांनाही गोंवलें, आणि तो अधिक टिकला. पण सर्वांत बोलका अनुभव कॅलिफोर्नियांतील दुसऱ्या एका कायद्याचा. १९९२ च्या त्या कायद्यानें कांहीं मालकांना सांगितलें कीं, नोकराची मोटार फुकट ठेवण्यासाठीं तुम्ही जागेचें जें भाडें भरतां, तेवढी रक्कम मोटार न आणणाऱ्या नोकराच्या हातावर ठेवा. डोनाल्ड शूप या अध्यापकांनीं अशा आठ कचेऱ्यांचा अभ्यास करून १९९७ सालीं तो प्रसिद्ध केला. एकट्यानें मोटार हांकीत येणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ७६ वरून ६३ वर आलें, आणि मिळून येणाऱ्यांचें १४ वरून २३ वर चढलें. व्याख्यान कोणी दिलें नाहीं, शपथ कोणी घेतली नाहीं. फक्त जो पैसा मोटारवाल्याला न दिसतां मिळत होता तो सर्वांना दिसेल असा मांडला.

आमचा आक्षेप येथील प्रयत्नांवर नेमका हाच आहे. आमच्याकडे पर्यावरणाचा एखादा दिवस साजरा होतो, साहेब सायकलीवर बसतात, छायाचित्र निघतें, आणि सायकल पट्टेवाला परत नेतो. दुसऱ्या दिवशीं कचेरीच्या आवारांत सावलीची जागा कोणाच्या मोटारीला, हा वाद पूर्ववत् सुरू. तलाठी व आरोग्यसेविका यांना आम्ही यांत धरीत नाहीं. ज्यांना एका दिवसांत पांच वाड्या फिरावयाच्या त्यांना स्वतःचें वाहन लागणारच, आणि त्यांना उपदेश करणें क्रूरपणाचें होईल. प्रश्न आहे तो टेबलाशीं बसून काम करणाऱ्यांचा, ज्यांची येण्याची वेळ ठरलेली, जाण्याची ठरलेली आणि वाटही ठरलेली.

त्या वेळेविषयींच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पांच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळीं पावणेदहा ते सायंकाळीं सव्वासहा अशी ठरली. आठवड्यांतील एक फेरी वांचली, हा मोठाच लाभ. त्याच हिशेबानें एखादी गाडी पावणेदहाच्या आधीं कचेरीशीं सोडणारी व सव्वासहानंतर उचलणारी असेल, तर चाळीस-चव्वेचाळीस आसनें भरण्यास दुसरी जाहिरात नको. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.मध्यें स्त्रियांना अर्धें तिकीट आहे, आणि शिक्षिका व परिचारिका यांची संख्या पाहतां सामायिक प्रवासाला एवढें मोठें साहाय्य दुसऱ्या कोणत्याही योजनेनें केलें नसेल. तें साहाय्य ज्या गाडीवर आहे ती गाडी वेळेला हवी, एवढेंच त्यांचें मागणें असतें.

आणि मानाच्या प्रश्नाचें काय? एस. टी.मध्यें साहेबांशेजारीं त्यांचाच शिपाई बसला तर कसें, हा संकोच अनेकांच्या मनांत असतो व तो बोलून दाखविला जात नाहीं. यावर आम्हांला एकच ऐतिहासिक दाखला आठवतो. पेण तालुक्यांतील गागोदें हें विनोबांचें जन्मगांव. १९५१ पासून तेरा-चौदा वर्षें ते देशभर पायीं हिंडले, आणि ज्या ज्या जिल्ह्यांत ते शिरत, तेथें त्यांना भेटावयाचें तर अधिकाऱ्यांनाही चालण्याची तयारी ठेवावी लागे. रोह्याच्या मातींत वाढलेले चिंतामणराव देशमुख हे १९१८ सालीं आय. सी. एस.च्या परीक्षेंत पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढें देशाचे अर्थमंत्रीही झाले. त्यांचा मान त्यांच्या वाहनावरून कोणी मोजल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आरंभ कोठें करावा असें कोणी विचारील, तर आम्ही पेणकडे बोट दाखवूं. पंचायत समिती, तहसील कचेरी व नगरपालिका तेथें आहेतच. शिवाय रायगड जिल्ह्याच्या एस. टी. विभागाचें मुख्य कार्यालयही पेणलाच, रामवाडीस आहे. अलिबागेहून, रोह्याहून व नागोठण्याहून रोज कोण कोण येतें याची यादी कचेऱ्यांच्या हजेरीपटांवरून एका दिवसांत निघेल. वाहतूक भत्त्याऐवजीं एस. टी.चा मासिक पास घेणाराला कांहीं अधिक द्यावें कीं काय, हें मुंबईस ठरेल व त्याला वर्षें लागतील. पण सकाळच्या दोन गाड्यांची वेळ बदलणें हें पेणलाच सुचवितां व मागतां येण्याजोगें काम आहे. ती यादी घेऊन पंचायत समितींतून रामवाडीपर्यंत कोणी तरी गेलें पाहिजे. त्याकरितां मोटारीचीही गरज नाहीं.